ऑपरेशन मुलीचं, झोप उडाली आईची

"तिला किती सांगू आणि किती नको, एवढंच मला सांगा." खुर्चीत नीट टेकायच्या आतच त्या म्हणाल्या.

मुलगी 14 वर्षांची. पाठीच्या कण्याला बाक, डॉक्टरी भाषेत स्कोलिओसिस. दीड वर्ष ब्रेस, म्हणजे बाक वाढू नये म्हणून धडाभोवती घालायचा कडक पट्टा, लावला, तरी बाक 38 अंशांवरून 54 वर गेला आणि सर्जननी ऑपरेशन सुचवलं. तारीखही ठरली होती. घरात मात्र त्यावर कुणी बोलत नव्हतं. विषय निघाला की आई उठून कामाला लागायची, बाबा 'होईल सगळं नीट' म्हणून मोकळे व्हायचे आणि मुलगी मोबाइलमध्ये डोकं घालायची. "तिला तसं काही टेन्शन नाहीये," आई म्हणाल्या. "झोप आमचीच उडालीय."

मी समुपदेशक आहे. मुलांच्या मोठ्या ऑपरेशनआधी माझ्याकडे येणारे बहुतेक आईवडील हाच प्रश्न घेऊन येतात, म्हणून हा अनुभव लिहितेय. ओळख पटू नये इतके तपशील बदललेले आहेत.

आधी आईचंच ऐकावं लागलं. 'किती सांगू' या प्रश्नाखाली दुसरंच काहीतरी खदखदत होतं. "पोक काढून बसू नकोस म्हणून मी तिला सारखी ओरडायचे. म्हणजे मला दिसत होतं ना काहीतरी? दप्तर केवढं जड असायचं तिचं. आणि ब्रेसचं तर काय सांगू, किती वेळा काढून ठेवायची."

यातलं दप्तर आणि पोक आधी बाजूला काढलं. किशोरवयात होणाऱ्या या बाकाचं नेमकं कारण बहुतेक वेळा सापडतच नाही. अनुवंशाचा काही भाग असतो, पण जड दप्तराने किंवा वाकडं बसण्याने तो होत नाही. शंभरातल्या दोन-तीन मुलांमध्ये 10 अंशांहून जास्त बाक असतो. बहुतेकांना कधी उपचारही लागत नाहीत. ज्यांचा वाढतो त्यांत मुलीच कितीतरी जास्त. लक्षात उशिरा येतो, कारण सहसा फार दुखत नाही, तो कपड्यांखाली असतो, आणि नेमक्या याच वयात मुली आईसमोर कपडे बदलणं बंद करतात. पुढे वाकल्यावर बरगड्यांचा एका बाजूचा उंचवटा दिसतो, पण आपल्या मुलीला तसं वाकवून कोण बघतं?

ब्रेसचं थोडं गुंतागुंतीचं आहे. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ब्रेस लावणाऱ्यांपैकी 72 टक्के मुलांचा बाक वाढ पूर्ण होईपर्यंत ऑपरेशनच्या पातळीखाली राहिला. नुसत्या देखरेखीवर असलेल्यांत हे प्रमाण 48 टक्के होतं. जास्त तास घालणाऱ्यांना जास्त फायदा झाला, हेही खरं. पण नीट घालूनही काहींचा बाक वाढतोच, आणि या मुलीचं काय झालं असतं हे आता कुणीही सांगू शकत नाही. आईने मात्र एकदा रागाच्या भरात तिला ऐकवलं होतं, "ब्रेस घातला असतास तर ही वेळ आली नसती." त्यांच्या मते ते विरून गेलं होतं. मुलीने ते वाक्य मला तारखेसकट सांगितलं.

मुलीला मी एकटीला भेटले. आईवडील समोर असले की या वयाची मुलं त्यांना सांभाळून घेत बोलतात, म्हणून निदान एक भेट तरी वेगळी घेते. ती फारसं बोलली नाही. मी कागद दिला आणि म्हटलं, ऑपरेशनबद्दल जे जे डोक्यात येतं ते लिही, शुद्धलेखन बघणार नाही. बराच वेळ लिहीत होती. कागद परत आला त्यावर होतं:

ऑपरेशन चालू असताना मध्येच जाग आली तर?
टॉयलेटला कोण नेणार?
नेमकी तेव्हाच पाळी आली तर?
कपडे कोण काढणार, तिथे पुरुष असतील का?
मला परत खाली वाकता येणार का?
ग्रुपमधले मला विसरतील.

आणि सगळ्यात खाली, पेनने गिरगिटून खोडलेली ओळ, जी तरीही वाचता येत होती: मी मेले तर?

ज्या मुलीला काही टेन्शन नव्हतं, तिचा हा कागद. तिच्या परवानगीने तो आईबाबांना दाखवला. आई रडल्या. बाबा म्हणाले, "पाय जातील का, हे नाहीये यात." रात्र रात्र त्यांना तेवढंच दिसत होतं. मज्जारज्जूला इजा होण्याचा धोका असतो, पण या प्रकारच्या ऑपरेशनमध्ये तो एक टक्क्याहून कमी मानला जातो. मुलीच्या यादीत तो नव्हताच. मोठ्यांची भीती आणि मुलांची भीती एकाच घरात राहून एकमेकींना भेटलेल्या नसतात, हे मी सारखं बघते. आपण आपल्या भीतीवर धीर देत बसतो आणि तिची तशीच राहते.

त्यामुळे 'किती सांगू' याचं माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी विचारा, मग सांगा. तिने जे विचारलंय त्याचं खरं उत्तर द्या, जे विचारलं नाही ते तिच्यावर ओतू नका, आणि जे तिच्या अंगावर होणारच आहे ते न विचारताही आधी सांगा. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, लागणार आहे, हे तिला जाग आल्यावर कळता कामा नये.

जाग येण्याच्या भीतीचं मूळ इंटरनेटवर होतं. ऑपरेशनमध्ये पेशंटला उठवतात, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. ते अगदीच खोटं नाही. 1973 साली फ्रान्समधल्या सर्जननी तशी पद्धत मांडली होती: कणा सरळ केल्यावर भूल जरा हलकी करायची, पेशंटला पाय हलवायला सांगायचं आणि पुन्हा गाढ झोपवायचं. नसा शाबूत आहेत याची खात्री करायची तेव्हा तीच वाट होती. आता मज्जारज्जूतून जाणारे संदेश ऑपरेशनभर यंत्रावर पाहिले जातात, त्यामुळे तसं उठवण्याची वेळ क्वचितच येते. हे मी तिला सांगितलं, पण वर हेही म्हटलं की हा प्रश्न तू स्वतः भूलतज्ज्ञांना विचार. तिने विचारला, आईने मध्ये न बोलता. आई मध्ये बोलल्या नाहीत, हे त्या दिवशीचं मोठं काम होतं.

वाकण्याचं उत्तर सर्जननी दिलं. मणक्यांत स्क्रू, त्यांना धरून दोन रॉड, आणि हाडाचे तुकडे घालून तेवढे मणके एकमेकांना जोडले जातात. जोडलेला भाग वाकत नाही. कंबर आणि खुब्यातून वाकता येतं. किती मणके जोडणार यावर बरंच अवलंबून असतं.

राहिली खोडलेली ओळ. "असं अभद्र बोलू नये" हे आपल्याकडचं तयार उत्तर. त्याने प्रश्न मरत नाही, फक्त विचारायचा बंद होतो. आईने काय म्हणावं यावर आम्ही बराच वेळ घालवला, आणि शेवटी त्यांच्याच शब्दांत जे उतरलं ते असं: "कुठल्याही मोठ्या ऑपरेशनला तो धोका असतो. तुझ्यासारख्या एरवी ठणठणीत मुलीला तो खूप कमी असतो. मलाही भीती वाटते. तरी हे व्हावं असं मला वाटतं, कारण 50 अंशांच्या पुढचा बाक वाढ थांबल्यावरही हळूहळू वाढत राहतो." आवाज कापला तर कापू दे, म्हटलं. आईच्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून मुली कोसळत नाहीत. आई लपवतेय हे दिसल्यावर जास्त घाबरतात. ढसाढसा रडायला मात्र मुलीचा खांदा नको. त्यासाठी त्यांनी बहिणीला रोज रात्री फोन करायचं ठरवलं. बाबांना मी विचारलं, तर ते म्हणाले, मी ठीक आहे. नंतर कळलं की ते रात्री ऑपरेशनचे व्हिडिओ बघत बसायचे आणि तोच टॅब मुलगी वापरायची.

ब्रेसबद्दलचं वाक्य आईने मागे घेतलं, तेही स्पष्ट शब्दांत: "मी तसं बोलायला नको होतं, आणि ते खरंही नाही." मुलगी म्हणाली, "हं."

मग काय तिच्या हातात द्यायचं ते ठरवलं. ऑपरेशनला हो म्हणणं कायद्याने आईवडिलांच्या सहीवर असलं, तरी शरीर तिचं. आंघोळीला मदत आई करणार की मावशी, भेटायला कोण आलेलं चालेल, कुणाला कळलेलं चालेल, आदल्या दिवशी पाठीचा फोटो काढायचा का. औषधं आणि सांगितलेल्या दिवशी चालणं यांत निवड नाही, हेही तिला आधीच सांगितलं. ओंडक्यासारखं सरळ राहून कूस कशी बदलायची, हे फिजिओथेरपिस्टकडून शिकून तिने घरी गादीवर सराव केला. ऑपरेशननंतर तिला स्वतःहून जमलेली ती पहिली गोष्ट ठरली.

ऑपरेशन काही तासांचं असतं आणि पालथं झोपवून करतात. त्यामुळे नंतर चेहरा सुजलेला दिसू शकतो, हे आईबाबांना आधी सांगून ठेवलं होतं. नाहीतर अतिदक्षता विभागाच्या दारातच पाय लटपटतात. काही ठिकाणी वेदनाशामकाचा पंप देतात, ज्याचं बटण पेशंटने स्वतः दाबायचं असतं. झोपलेल्या मुलीच्या वतीने माया म्हणून ते दाबू नका. ती जागी असेल तेव्हाच औषध जावं, ही त्यातली सुरक्षा आहे.

तिसऱ्या दिवशी आईचा फोन. "मला हात लावू नकोस म्हणाली. बाहेर जा म्हणाली." जिच्या अंगाला दिवसभर कुणी ना कुणी विचारल्याशिवाय हात लावतंय, तिला 'नाही' म्हणायला एकच सुरक्षित माणूस होतं. मी म्हटलं, बाहेर जा, पण 'मी दाराशी आहे, वीस मिनिटांनी येते' असं सांगून जा, आणि वीस मिनिटांनीच परत या.

दर थोड्या वेळाने "दुखतंय का गं?" विचारणंही थांबवायला सांगितलं. सुया टोचताना मुलांचं निरीक्षण केलेल्या अभ्यासांत, नुसता धीर देत राहण्याने मुलं जास्त अस्वस्थ झालेली आढळतात, तर दुसऱ्या विषयात गुंतवण्याने त्यांना सोसायला मदत होते. दुखणं विचारावं ते औषधाच्या वेळेला, दहापैकी किती म्हणून, आणि आकडा लिहून ठेवावा. मधल्या वेळात इतर गप्पा.

घरी आल्यावरचा दुसरा-तिसरा आठवडा सगळ्यात अवघड गेला, आणि त्याबद्दल सहसा कुणी बजावत नाही. जखम भरत असते, भेटायला येणारे कमी होतात, मैत्रिणी शाळेत असतात. वेदनाशामकं कमी होत असतात, पोट साफ होत नाही, भूक लागत नाही, रात्र-दिवस उलटे होतात. मुलगी कारण नसताना रडते. "ऑपरेशन चांगलं झालं, मग आता काय?" असं बाबा म्हणाले. मी म्हटलं, आता तिला धीर धरून बसावं लागत नाहीये, म्हणून रडतेय. रडू द्या.

त्याच दिवसांत आरशाचा प्रसंग झाला. कणा सरळ झाल्याने उंची थोडी वाढते, खांदे आणि कंबर बदललेली दिसते. आई कौतुकाने म्हणाल्या, "किती सरळ दिसतेस आता!" मुलगी फणकारली, "म्हणजे आधी वाकडी होते का?" आई गोंधळल्या. पण मुलीचं बरोबर होतं. ज्या शरीराने 14 वर्षं काढली त्याच्याबद्दल कुणी वाईट बोललं की लागतं, ते बदलून मिळालं असलं तरी. अशा वेळी "तुला कसं वाटतंय बघून?" एवढं पुरतं.

ताप, जखमेतून पाणी किंवा पू येणं, पायांत अशक्तपणा किंवा बधिरपणा, लघवीवरचा ताबा सुटणं, यांत समुपदेशकाला फोन करण्यात वेळ घालवू नका, सर्जनना करा. मनाच्या बाजूने म्हणाल तर झोप दोन-तीन आठवड्यांनंतरही सावरत नसेल, ऑपरेशनची दृश्यं सारखी डोळ्यांपुढे येत असतील, डॉक्टरांनी हो म्हटल्यावरही ती शाळेचं नाव काढू देत नसेल, तर मदत घ्या. जगण्यात अर्थ नाही असं एकदा जरी बोलली, तर त्याच दिवशी.

या घरात पुढे अडलं ते आईचं. मुलगी सव्वा महिन्याने अर्धा दिवस शाळेत जाऊ लागली. वर्गात पुस्तकांचा दुसरा संच ठेवला, मधल्या सुट्टीच्या गर्दीआधी पाच मिनिटं बाहेर पडायची सोय केली. आई मात्र सर्जननी परवानगी दिलेल्या गोष्टीही करू देत नव्हत्या. मग सर्जनकडून काय चालेल, काय नाही याची लेखी यादी आणली आणि कपाटाला चिकटवली. नियम असा की आईने फक्त यादीत 'चालणार नाही' असं लिहिलेल्या गोष्टींनाच नाही म्हणायचं, आणि तपासणीनंतर सुटलेल्या गोष्टीवर काट मुलीने मारायची. बुटाच्या नाडीवर काट तिसऱ्या महिन्यात पडली. आईचा हात तिकडे जायचा थांबायला आणखी महिनाभर लागला.