‘मॅडम, तो एआयवाला स्कॅन कुठे होतो?’

गेल्या काही काळात समुपदेशन करताना माझ्याकडे एक प्रश्न फार यायला लागलाय. पन्नाशीच्या आसपासची माणसं, आई किंवा वडील डिमेन्शियाने (स्मृतिभ्रंशाने) आजारी किंवा नुकतेच गेलेले, आणि मोबाईलवर कुणीतरी पाठवलेलं की एआय आता मेंदूचा स्कॅन बघून सहा वर्षं आधीच अल्झायमर, म्हणजे डिमेन्शियाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार, ओळखतं. मग विचारतात, कुठे होतो, किती पैसे लागतात, मला करून घ्यायचाय. आधी काय काय विसरले त्याची यादी वाचून दाखवतात. किल्ली, शेजारणीचं नाव, गॅसवरचं दूध.

त्यातल्या एकीबद्दल लिहिते. सुनंदाताई म्हणू (नाव, तपशील बदललेत आणि त्यांना विचारून लिहितेय). वय 53, हायस्कूलमध्ये गणित शिकवतात. आईचं सगळं यांनीच केलं, शेवटची तीन वर्षं तर आई ओळखतही नव्हती. आई गेली आणि यांनी एक वही सुरू केली, आपण काय विसरलो त्याची, तारीख-वारासकट. मी वही चाळली आणि म्हटलं, ‘ताई, इतकं सगळं विसरलेलं इतकं नीट लक्षात ठेवता तुम्ही.’ हसल्या, पण पटलं नव्हतं. त्यांना स्कॅनच हवा होता.

अशा वेळी नुसतं ‘काळजी करू नका’ म्हणून काही होत नाही हे मी इतक्या वर्षांत शिकलेय. ज्या बातमीनं झोप उडवलीय तीच समोर घ्यायची. ती बातमी मूळची 2018 ची, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेतली. मेंदू कुठे किती साखर वापरतो हे दाखवणारे साधारण हजार लोकांचे पेट स्कॅन कॉम्प्युटरला शिकवले, मग आधी न दाखवलेल्या 40 जणांवर तपासलं. पुढे ज्यांना अल्झायमर निघाला ते सगळेच्या सगळे त्यानं ओळखले, तेही सरासरी सहा वर्षं आधी. फॉरवर्ड इथेच संपतो. ज्यांना नव्हता त्यांच्यातल्या 82 टक्क्यांनाच त्यानं ‘नाही’ म्हटलं, हे त्यात नसतं.

गणिताच्या बाई समोर होत्या म्हणून मी कागदच पुढे सरकवला. ‘तुमच्या वयाची 1000 माणसं घ्या, त्यातल्या 10 जणांना पुढच्या सहा वर्षांत होणारय असं धरा, जरा जास्तच धरतोय, आता सांगा मशीन किती जणांना हो म्हणेल.’

त्यांनी चष्मा लावला. ‘दहाचे दहा सापडले. उरले 990, त्यांचे 18 टक्के... 178.’ थांबल्या. ‘म्हणजे 188 जणांना हो सांगणार आणि त्यातले खरे दहाच? शंभरात पाच?’

‘आणि बाकीचे?’

‘बाकीचे उगीच मृत्युपत्र करत बसतील!’

खरं सांगायचं तर मला वाटलं झालं काम, कारण हे गणित मी सांगण्यापेक्षा त्यांनी मांडलं याचा मला जरा अभिमानच वाटला होता. पण दोन मिनिटांनी पेन खाली ठेवून म्हणाल्या, ‘त्या दहात मी असले तर?’

माझी बैठक विवेकनिष्ठ विचारपद्धतीची आहे, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वळणाची. खात्री असावी असं वाटणं ठीक, पण ती मिळालीच पाहिजे हा हट्ट धरला की माणूस अडकतो आणि कितीही रिपोर्ट आणले तरी सुटत नाही. म्हणून मी त्यांना ‘नसाल हो’ म्हटलं नाही. म्हटलं, ‘असलात असं धरू. मग काय होईल?’

‘मी मुलीला ओळखणार नाही. ती नोकरी सोडून बसेल माझ्यापाशी. आणि एक दिवस तिच्या मनात येईल की ही सुटली तर बरं.’

‘तुमच्या मनात आलं होतं?’

बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग खूप रडल्या. आईच्या शेवटच्या वर्षात, रात्री चौथ्यांदा चादर बदलताना तसं मनात आलेलं, आणि हे त्यांनी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. आपण असा विचार केला म्हणजे आपल्यालाही हेच भोगावं लागणार, असं कुठेतरी ठरवून टाकलं होतं त्यांनी. मला तेव्हा उलगडलं की वही कशासाठी चालली होती.

मी विचारलं, ‘तो विचार आला त्या दिवशी आईचं औषध चुकलं?’

‘एकदाही नाही.’

‘जेवण?’

‘नाही हो. भरवल्याशिवाय मी कधी जेवलेच नाही.’

हे त्यांनी स्वतःच्या तोंडानं म्हटलं आणि खांदे एकदम सैल पडले. काळजी घेऊन दमलेल्या कितीतरी जणांच्या मनात हा विचार येतो, आणि विचार म्हणजे कृती नव्हे, हे पुढे आम्ही पुष्कळ बोललो. वही हळूहळू बंद झाली.

आता तुम्हीही या फेऱ्यात असाल तर सांगते, पन्नाशीतल्या विसरण्यामागे बऱ्याचदा झोप, ताण, डिप्रेशन, थायरॉईड नाहीतर बी12 असतं, शाकाहारी घरात तर बी12 आधी बघा, ताईंचं कमीच निघालं. आईला उतारवयात झाला म्हणून तुम्हाला होणारच असं नाही, धोका थोडा वाढतो इतकंच. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2024 च्या अहवालात 14 गोष्टी दिल्यात, बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, कमी ऐकू येणं, एकटेपणा वगैरे, त्या सगळ्या सांभाळल्या तर जवळपास 45 टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतो. कानाचं मशीन लावायला लाजणारे लोक स्कॅनला मात्र रांग लावायला तयार असतात, हे मला कळत नाही.

स्कॅन वाईट असं मी म्हणत नाही. ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, पैशाचे व्यवहार न जमणं, तोच प्रश्न परत परत विचारणं, आणि हे तुमच्यापेक्षा घरच्यांना जास्त जाणवतंय, तर न्यूरॉलॉजिस्टकडे जायला उशीर करू नका. लेकानेमॅबसारखी नवी औषधं अगदी सुरुवातीच्या टप्प्यातच देतात, तीही तपासून, जपून, त्यामुळे तिथे वेळेला किंमत आहे. एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला आठवणींशी जोडलेला भाग, किती आकसलाय हे मोजायला डॉक्टरला एआयची मदत होईल, होऊ दे. पण अशी बरीच मॉडेल्स अमेरिकन लोकांच्या स्कॅनवर शिकलीत. हैदराबादच्या आयआयआयटीनं 2019 मध्ये भारतीय मेंदूचा नकाशा केला तेव्हा आपला मेंदू सरासरी आकारानं त्यांच्यापेक्षा लहान दिसला, म्हणजे त्यांची फूटपट्टी जशीच्या तशी इथे लावता येत नाही.

आणि तक्रार काही नसताना कुणी तो स्कॅन सुचवलाच, तर पैसे भरायच्या आधी त्यांना एवढं विचारा, ‘हो आलं तर तुम्ही उद्यापासून माझं काय वेगळं करणार?’