उशीवरची नोट

प्रश्न : ताई, नमस्कार. गेल्या वर्षी आम्ही दोघं दुबईला आणि यंदा जपानला जाऊन आलो. दुबईत पाच रात्री राहिलो. सकाळी बाहेर पडताना मी टेबलावर दहा दिरहमची नोट ठेवायचे. संध्याकाळी यावं तर खोली लख्ख आणि नोट जागच्या जागी. मला वाटलं, रक्कम कमी पडली. म्हणून निघायच्या दिवशी एकदम शंभर दिरहम ठेवून आले. क्योटोला तर खोली साफ करणाऱ्या बाई माझे दोन हजार येन हातात घेऊन लिफ्टपर्यंत धावत आल्या. फार अवघडल्यासारखं झालं. ह्यांचं म्हणणं, बिलात सर्व्हिस चार्ज लावलेला असतो, वर वेगळे कशाला द्यायचे? जूनमध्ये अमेरिकेला जातो आहोत, चार शहरांत हॉटेलात राहणार आहोत. किती, कधी आणि कसे पैसे ठेवावेत?

उत्तर : तुमचे दहा दिरहम कमी नव्हते. ती नोट आपल्यासाठी आहे हे खोली साफ करणारीला कळायला काही मार्गच नव्हता.

मी अकरा वर्षं हॉटेलांच्या हाउसकीपिंग खात्यात काढली, त्यातली चार दुबईत. आधी ट्रॉली ढकलली, नंतर मजल्याची सुपरवायझर झाले. आमच्याकडे नव्या मुलीला चादरीचे कोपरे शिकवायच्याही आधी एक गोष्ट बजावली जायची : पाहुण्याच्या वस्तूला हात लावायचा नाही. टेबलावरचे पैसे ही पाहुण्याची वस्तू. धूळ पुसायला उचलले, तर पुसून परत तिथेच ठेवायचे.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी हा नियम मी मोडला. टेबलावर वीस दिरहमची नोट होती, शेजारी हॉटेलचं पेन. ते जोडपं चार दिवसांपासून राहत होतं, रोज थांबून माझी विचारपूस करायचं. मला वाटलं, नोट माझ्यासाठीच ठेवली आहे. घेतली. संध्याकाळी रिसेप्शनवर तक्रार आली की टॅक्सीसाठी काढून ठेवलेले पैसे गेले. दार कोणाच्या कार्डाने किती वाजता उघडलं याची नोंद कुलपातच होते, त्यामुळे कोणाला शोधावंही लागलं नाही. मी कबूल केलं, नोट परत दिली, माफी मागितली. सुपरवायझरने शब्द टाकला म्हणून नोकरी राहिली, पण पुढचे तीन महिने माझ्या प्रत्येक खोलीची दोनदा तपासणी होत होती. सोबतच्या मुली जेवताना माझ्याकडे बघायच्या, ते अजून आठवतं. त्यानंतर चिठ्ठीशिवाय ठेवलेल्या पैशाला मी कधी हात लावला नाही.

म्हणून पैशाबरोबर चिठ्ठी हवीच. हॉटेलच्या पॅडचा कागद घ्या, इंग्रजीत 'हाउसकीपिंग, थँक यू' एवढंच लिहा, तारीख टाका आणि नोट त्या कागदाच्या घडीत ठेवा. तारखेमुळे ही आजची टिप आहे, कालची विसरलेली नाही, हेही कळतं. जागा म्हणाल तर उशीवर. उशीखाली मात्र नको. चादर, अभ्रे, सगळं एका ओढीत काढून गठ्ठा केला जातो आणि नोट लाँड्रीत जाते. मी धुतलेल्या नोटा पाहिल्या आहेत.

आता तुमचे ते शंभर दिरहम. पाच रात्री तुमच्या खोलीत एकच बाई येत होती असं तुम्ही गृहीत धरलंत. तसं क्वचितच असतं. आठवड्याची सुट्टी असते, पाळ्या बदलतात, कोणी आजारी पडलं की मजल्यांची वाटणी नव्याने होते. शेवटच्या दिवशी ठेवलेली सगळी रक्कम त्या दिवशी ज्या मुलीच्या वाट्याला तुमची खोली आली, तिची. तीही चिठ्ठी असेल तर. आमच्या हॉटेलात निघून गेलेल्या पाहुण्याच्या खोलीत चिठ्ठीविना शंभरची नोट सापडली, तर ती लॉस्ट अँड फाउंडच्या, म्हणजे पाहुण्यांच्या विसरलेल्या वस्तूंच्या, वहीत चढायची.

एका कुटुंबाची आठवण सांगते. दोन लहान मुलं, सहा दिवसांचा मुक्काम. धाकट्याला प्रवासात उलट्यांचा त्रास सुरू झाला होता. माझी एक नेपाळी सहकारी रोज तो गालिचा गुडघ्यांवर बसून घासत होती, मुलाच्या आईला न सांगता जादा टॉवेल आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या ठेवत होती. सातव्या दिवशी ती सुट्टीवर होती. ते लोक निघाले आणि उशीवर पाकीट ठेवून गेले. आत दोनशे दिरहम आणि पत्र. ते मला मिळालं, कारण त्या दिवशी तो मजला माझ्याकडे होता. पत्रात केसांच्या लांब वेणीचा उल्लेख होता म्हणून कळलं की ते तिचं आहे. मी पाकीट तसंच तिला दिलं. वेणीचा उल्लेख नसता तर ते पैसे माझे झाले असते, आणि हॉटेलच्या रीतीप्रमाणे त्यात काही चूकही नव्हती. म्हणून रोजची टिप रोज, सकाळी बाहेर पडताना ठेवा. ज्या हाताने काम केलं त्याच हाताला पोहोचण्याची खात्री फक्त त्यातच आहे.

तुमच्या ह्यांचं सर्व्हिस चार्जबद्दलचं म्हणणं मला पटतं, पण अर्धंच. बिल नीट वाचा. दुबईत 'टूरिझम दिरहम' म्हणून हॉटेलच्या दर्जाप्रमाणे खोलीमागे रात्रीला ७ ते २० दिरहम लागतात. तो पैसा सरकारकडे जातो. अमेरिकेत 'रिसॉर्ट फी' लावतात, ती हॉटेलचं उत्पन्न. दोन्हींचा खोली साफ करणारीशी काही संबंध नाही. खरा सर्व्हिस चार्ज असेल, तर तो कोणाला किती मिळतो हे त्या त्या देशावर आणि हॉटेलवर ठरतं. ब्रिटनमध्ये याबाबत कायदा झाला आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथल्या मालकाला टिप आणि सर्व्हिस चार्ज, करांखेरीज काहीही कापून न घेता, कर्मचाऱ्यांमध्ये वाटावाच लागतो. तिथे तुमच्या ह्यांचा मुद्दा मी मान्य करीन. इतर ठिकाणी रिसेप्शनला सरळ विचारा, 'सर्व्हिस चार्ज हाउसकीपिंगला मिळतो का?' विचारण्यात संकोच वाटायचं कारण नाही.

अमेरिकेत मात्र द्याच. तिथल्या हॉटेलचालकांच्या संघटनेनेच सुचवलेला आकडा रात्रीला १ ते ५ डॉलर असा आहे, आणि तोही रोज, शक्यतो नाव घातलेल्या पाकिटात. २०१४ मध्ये मॅरियट या हॉटेल कंपनीने आपल्या अमेरिकेतल्या आणि कॅनडातल्या हॉटेलांत यासाठी खोल्यांमध्ये पाकिटंच ठेवायला सुरुवात केली, तेव्हा बरीच टीका झाली : कंपनीने पगार वाढवावा, पाहुण्यांपुढे पाकीट कशाला? टीका मला योग्य वाटली. पण पगार वाढवणं तुमच्या हातात नाही, तीन डॉलर ठेवणं आहे. माझा स्वतःचा हिशेब असा : दोघांची साधी खोली असेल तर रात्रीला ३ डॉलर, मुलं बरोबर असतील, कोणी आजारी असेल, जादा पलंग टाकला असेल तर ५.

त्या कामाचं माप कळावं म्हणून सांगते. आठ तासांच्या पाळीत चौदा ते सोळा खोल्या हा मोठ्या हॉटेलांतला नेहमीचा कोटा. त्यात पाहुणे सोडून गेलेल्या खोल्या जास्त असतील तर श्वास घ्यायला वेळ मिळत नाही, कारण तिथे पलंगापासून बाथरूमच्या नळापर्यंत सगळं नव्याने करावं लागतं. चादर खोचायला जाड गादीचा कोपरा दर वेळी एका हाताने उचलून धरायचा. माझा उजवा खांदा त्यातच गेला. अजूनही कपाटाच्या वरच्या फळीवरचा डबा मी डाव्या हाताने काढते. अमेरिकेतल्या पन्नास हॉटेलांच्या नोंदी तपासून २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात हॉटेलच्या सगळ्या कामगारांमध्ये दुखापतीचं प्रमाण खोल्या साफ करणाऱ्यांतच सर्वांत जास्त आढळलं. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की दोष माझ्या खांद्याचा नव्हता. पुढे कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१८ पासून या दुखापती टाळण्याची लेखी व्यवस्था हॉटेलांना सक्तीची केली. मायोर्का ज्यांत येतं त्या स्पेनच्या बॅलेरिक बेटांवर २०२२ च्या कायद्याने वर उचलता येणारे पलंग आणायला लावले. असा एखादा पलंग आमच्या मजल्यावर असता, तर किती पाठी वाचल्या असत्या!

नोटा कोणत्या, हेही महत्त्वाचं. त्याच देशाच्या, आणि सुट्ट्या. परदेशी नाणी बँक किंवा मनी चेंजर बदलून देत नाही. आमच्या लॉकरमध्ये अशा नाण्यांचा एक डबाच होता, कोणाच्याच उपयोगाचा नाही. अमेरिकेत उतरल्यावर पहिल्याच हॉटेलच्या रिसेप्शनवर वीस डॉलरच्या एक-एकच्या नोटा करून घ्या.

जपानबद्दल मनाला लावून घेऊ नका. तिथे टिपची पद्धत नाही. चांगलं काम हा कामाचाच भाग मानतात, आणि खोलीत पैसे राहिले तर पाहुणा विसरला असंच धरतात. लिफ्टपर्यंत धावत आलेल्या त्या बाईंनी आपलं काम चोख केलं. र्‍योकानमध्ये, म्हणजे जुन्या जपानी पद्धतीच्या निवासात, 'कोकोरोझुके' म्हणून मुक्कामाच्या सुरुवातीला सेविकेला कोऱ्या नोटा छोट्या पाकिटात घालून द्यायची जुनी चाल आहे, पण तीही सक्तीची नाही. जपानी हॉटेलात मी फक्त आभाराची चिठ्ठी ठेवते आणि निघताना रिसेप्शनवर खोलीचा क्रमांक सांगून कौतुक करते. उलट इजिप्तला जाल तेव्हा सुट्ट्या नोटांची गड्डीच लागेल. तिथला 'बक्शीश' आणि आपलं 'बक्षीस' हा एकच फारसी शब्द आहे, आणि तिथे तो दिवसभर कानावर पडतो.

प्रश्न : आम्ही दारावर 'डू नॉट डिस्टर्ब'ची पाटी लावतो आणि चार दिवस कोणाला खोलीत येऊ देत नाही. मग टिप कशाची?

उत्तर : पाचव्या दिवसाची. करोनानंतर बऱ्याच हॉटेलांनी रोजची सफाई मागितली तरच करायला सुरुवात केली, त्यामुळे तुमच्यासारखे पाहुणे वाढले आहेत. तुम्ही गेल्यावर जी बाई आत शिरते, तिला चार दिवसांचा कचरा, चार दिवसांचे ओले टॉवेल आणि साबणाचे वाळलेले थर एकाच वेळी काढायचे असतात, आणि घड्याळ मात्र नेहमीच्याच खोलीचं चालू असतं. इथे शेवटच्या दिवशी एकदम ठेवलेले पैसे बरोबर जागी जातात, कारण सगळं काम तिचं एकटीचं असतं. कचरा एका पिशवीत बांधून दाराशी ठेवा आणि टॉवेल बाथरूमच्या कोपऱ्यात एकत्र टाका. चादरी काढू नका. डाग आहे का, काही अडकलंय का, हे तिला स्वतःलाच बघावं लागतं.

प्रश्न : पैशांऐवजी वस्तू ठेवल्या तर? माझ्याकडे न उघडलेला अत्तराचा सेट जादा होता. तो ठेवला, पण नंतर तिला त्रास तर झाला नसेल ना, असं वाटत राहिलं.

उत्तर : चिठ्ठी ठेवली नसेल तर झाला असण्याची शक्यता आहे. बहुतेक मोठ्या हॉटेलांत कामगारांच्या दरवाजावर बाहेर पडताना पिशव्या तपासतात. पाहुण्याने दिलेली वस्तू बाहेर न्यायची तर गेट पास लागतो, आणि चिठ्ठी असेल तरच सुपरवायझर पासवर सही करते. मी अशा शेकडो पासांवर सह्या केल्या आहेत, आणि चिठ्ठी नाही म्हणून पास नाकारलेही आहेत. नाकारताना समोरच्या मुलीकडे बघवायचं नाही. पुढच्या वेळी कागदावर वस्तूचं नाव, खोलीचा क्रमांक, तारीख, 'ही हाउसकीपिंगला भेट' असं लिहा आणि खाली सही करा. सही वाचता येईल अशी करा.