बत्तीस गुंठ्यांची झोप

“मॅडम, विकू की ठेवू, एवढंच सांगा.” मी समुपदेशक, पण पहिल्याच भेटीत त्यांनी मला जमिनीचा एजंटच समजून टाकलं होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वय अठ्ठेचाळीस, चिंचवडला कंपनीत नोकरी, गाव माण तालुक्यात. वडील जाऊन दोन वर्षं झालेली. मागे बत्तीस गुंठे जिरायत. पाऊस झाला तर बाजरी, मागून शाळू. दुसऱ्याला कसायला दिलं तर कूळ लागेल, म्हणजे कसणाराच हक्क सांगेल, या धास्तीनं दोन वर्षं रान पडीक. बायको म्हणते विकून घराचं कर्ज फेडा. आई गावात एकटी, ती काहीच म्हणत नाही. रात्री तीनला यांना जाग येते ती येतेच.

मी शेताचं काहीच विचारलं नाही. विचारलं, “सातबाऱ्यावर कोणाकोणाची नावं आहेत?”

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “वारसनोंद व्हायचीय अजून. आई, मी... आणि ताई.”

ताईला विचारलं होतं का? नव्हतं. “ती हक्कसोड देईलच,” असं म्हणाले, पण नजर खाली. हीच ती गाठ, मला वाटतं. जमिनीचा प्रश्न घेऊन आलेली निम्मी माणसं खरं तर न केलेला एक फोन घेऊन आलेली असतात.

व्यवहाराचंही बोललो, माहिती नसली की भीती फुगते. आपला वाटा वेगळा काढून विकू म्हणत होते, पण जिरायतीला वीस गुंठ्यांखालचा तुकडा पाडणं तुकडेबंदी कायद्यात अडकतं. आणि शेतकरी असल्याचा पुरावा हाच एक सातबारा असेल, तर तो गेल्यावर पुढं शेतजमीन घेणं अवघड. पुढचं वकिलाला विचारा म्हटलं, ते माझं काम नव्हे.

ताईला फोन करायला त्यांना तीन आठवडे लागले. ताई रडली. वाट्यासाठी नाही; “दोन वर्षांत एकदा तरी विचारायचंस,” म्हणून. त्या बोलण्यात आईचंही कळलं: लेकराला कर्ज आहे, आपण आड यायला नको, म्हणून ती गप्प होती.

मग वारसनोंदीचा अर्ज तिघांच्या नावानं गेला. वकिलाकडून कागद करून शेजारच्या भावकीला रान एका वर्षापुरतं वाट्यानं दिलं. कर्ज आहे तेवढंच आहे, बायकोची नाराजीही. ते पुढच्या भेटींसाठी ठेवलंय, आता दोघं मिळून येतात.

विकायचं की नाही, ते ठरलेलं नाही. परवा एजंटचा फोन आला तेव्हा हे गावीच होते. स्पीकर लावून आईसमोर ठेवला म्हणे.