विश्लेषकांवर संशोधन करायला अमेरिकेत यावे का? एका सीएच्या प्रश्नाला उत्तर

नमस्कार. तुम्ही विचारले आहे की, सीए झाल्यावर मुंबईतील दलाली पेढीच्या रिसर्च विभागात काही वर्षे काम केलेल्या माणसाने नोकरी सोडून अमेरिकेत लेखाशास्त्रात पीएच.डी. करायला यावे का, आणि शेअर बाजारातील विश्लेषकांवर संशोधन करणारे प्राध्यापक नेमके काय करतात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण पहिल्याचे उत्तर त्यावरच अवलंबून आहे. मी पुण्यात सीए होऊन इकडे आले, आता मध्य-पश्चिमेतील एका सरकारी विद्यापीठात लेखाशास्त्र शिकवते आणि माझे स्वतःचे काम विश्लेषकांच्या अंदाजांवरच चालते.

कोणता शेअर घ्यावा हे इथे शिकवले जात नाही, हे आधी स्पष्ट करते. तुम्ही आज एखाद्या सिमेंट कंपनीचा पुढच्या तिमाहीचा नफा किती असेल याचा अंदाज बांधता. संशोधक तुमच्या अंदाजाकडेच पाहतो: तो कोणत्या माहितीवर उभा आहे, कोणाच्या दबावाने कोणत्या बाजूला झुकतो, आणि तो जाहीर झाल्यावर किंमत किती हलते व किती हलायला हवी होती. नफ्याचा आकडा बरोबर येण्यातच तुमचे समाधान असेल, तर पीएच.डी.ची पाच वर्षे तुम्हाला फार लांब वाटतील.

या विषयाचा पाया १९६८ मध्ये घातला गेला. रे बॉल आणि फिलिप ब्राउन या दोघा ऑस्ट्रेलियन संशोधकांनी शिकागो विद्यापीठात असताना न्यूयॉर्कच्या बाजारातील २६१ कंपन्यांचे वार्षिक नफे आणि शेअरच्या किमती एकमेकांशेजारी मांडल्या. वेगवेगळ्या पद्धतींनी केलेल्या नोंदींची बेरीज असल्यामुळे नफ्याच्या आकड्याला काही अर्थच उरत नाही, असे त्या काळात अनेक लेखाशास्त्रज्ञ मानत होते. बॉल आणि ब्राउन यांना दिसले ते असे की, अपेक्षेपेक्षा चांगला नफा कमावणाऱ्या कंपन्यांचे शेअर निकालाच्या आधीचे वर्षभर हळूहळू चढत असतात, वाईट नफ्याच्या कंपन्यांचे उतरत असतात, आणि निकालाच्या दिवसापर्यंत त्या बातमीचा बहुतेक भाग किमतीत आधीच शिरलेला असतो. म्हणजे आकडा अर्थपूर्ण होता, पण बाजाराला तो दुसऱ्या वाटांनी आधीच कळत होता. त्या वाटांपैकी एक मोठी वाट म्हणजे तुमचा व्यवसाय. हा निबंध ‘अकाउंटिंग रिव्ह्यू’ने नाकारल्यानंतर शिकागोच्या ‘जर्नल ऑफ अकाउंटिंग रिसर्च’मध्ये छापला गेला, हेही लक्षात ठेवा, नकार हा या व्यवसायाचा रोजचा भाग आहे.

त्याच निबंधात एक शेपूट राहून गेले होते. निकाल जाहीर झाल्यानंतरही किंमत काही काळ त्याच दिशेने सरकत राहते. व्हिक्टर बर्नार्ड आणि जेकब थॉमस यांनी १९८९ आणि १९९० मध्ये ही गोष्ट बारकाईने तपासली आणि दाखवले की, या सरकण्याचा बराच भाग पुढच्या तिमाही निकालांच्या दिवसांभोवतीच गोळा होतो. या तिमाहीच्या अनपेक्षित नफ्याचा काही अंश पुढच्या तिमाहींत पुन्हा उमटतो ही साधी गोष्ट गुंतवणूकदार पूर्णपणे लक्षात घेत नसावेत, असा त्याचा अर्थ निघतो. सर्वांसमोर असलेली माहिती किमतीत यायला इतका वेळ का लागतो, हा प्रश्न आजही संपलेला नाही.

‘अनपेक्षित’ म्हणायचे तर अपेक्षा काय होती हे मोजावे लागते, आणि विश्लेषक या संशोधनात आले ते याच कारणाने. लॉरेन्स ब्राउन (वरचे फिलिप ब्राउन नव्हेत) आणि रोझेफ यांनी १९७८ मध्ये दाखवले की, जुन्या नफ्यांवरून गणिताने काढलेल्या अंदाजापेक्षा विश्लेषकांचा अंदाज सरस असतो. मग साहजिकच कोणाचा अंदाज अधिक सरस, हा प्रश्न आला. मायकल क्लेमेंट यांच्या १९९९ च्या कामात अनुभवी, मोठ्या पेढीत बसलेला आणि थोड्याच कंपन्या व उद्योग पाहणारा विश्लेषक अधिक अचूक ठरला. एका माणसावर वीस कंपन्या टाकल्या की काय होते, हे तुम्हाला निबंध न वाचताही माहीत असेल.

मला स्वतःला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हितसंबंधांचा प्रश्न. केंट वोमॅक यांनी १९९६ मध्ये दाखवले की, विक्रीच्या शिफारशी खरेदीच्या तुलनेत फारच थोड्या असतात, पण त्यांच्यानंतर किंमत अधिक आणि अधिक काळ हलते, कारण कंपनीचा रोष ओढवून घेऊन ‘विका’ म्हणणाऱ्याजवळ बहुधा तसेच ठोस कारण असते. १९९९ मध्ये मिकाएली आणि वोमॅक यांनी ज्या बँकेने कंपनीचे शेअर बाजारात आणले त्याच बँकेच्या विश्लेषकाच्या खरेदीच्या शिफारशी पाहिल्या. त्या इतरांच्या शिफारशींपेक्षा वाईट ठरल्या होत्या. हाँग आणि क्युबिक यांनी २००३ मध्ये विश्लेषकांच्या नोकऱ्यांचा माग काढला, तेव्हा अचूकता सारखी असतानाही आशावादी अंदाज देणाऱ्यांची बढती होण्याची शक्यता जास्त दिसली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेतील १० मोठ्या पेढ्यांनी नियामकांशी सुमारे १४० कोटी डॉलरची तडजोड केली आणि संशोधन व इन्व्हेस्टमेंट बँकिंग यांच्यामध्ये भिंत उभारण्याचे मान्य केले. त्याआधी ऑक्टोबर २००० मध्ये, कंपनीने निवडक विश्लेषकांना आतली माहिती आधी सांगू नये, असा नियम लागू झाला होता. तरीही २०१५ मध्ये चार संशोधकांनी ३६५ विश्लेषकांना प्रश्न विचारले, तेव्हा कंपनीच्या व्यवस्थापनाशी होणारे खासगी बोलणे हे अंदाज बांधण्यासाठी आपल्या कामातील फार मोलाचे साधन आहे, असेच त्यांनी सांगितले. नियमाने वागणे किती बदलते आणि किती केवळ जागा बदलते, हे तपासण्यासाठी कोणी माझ्याकडे आले, तर मी त्याला ताबडतोब बसवून घेईन.

आता पद्धतीविषयी, कारण सीए होऊन येणाऱ्याला सर्वांत जड जाते ते हेच. समजा, तुम्हाला दिसले की जास्त विश्लेषक ज्या कंपन्यांवर लिहितात त्या कंपन्यांची माहिती अधिक पारदर्शक असते. विश्लेषकांमुळे पारदर्शकता आली, की पारदर्शक कंपनीवर लिहिणे सोपे म्हणून विश्लेषक तिकडे गेले? केवळ आकड्यांचा सहसंबंध दाखवून हे ठरत नाही, आणि परिसंवादात पहिल्या दहा मिनिटांत कोणीतरी हाच प्रश्न विचारतो. यावर काढलेली एक युक्ती मला आजही सुंदर वाटते. एखादी दलाली पेढी स्वतःच्या अडचणींमुळे बंद पडते किंवा दुसरीत विलीन होते, तेव्हा तिचे विश्लेषक ज्या कंपन्यांवर लिहीत होते त्यांच्यावरील लिखाण कमी होते, पण त्या कंपन्यांच्या स्वतःच्या परिस्थितीचा त्याच्याशी काही संबंध नसतो. केली आणि ल्युंगक्विस्ट यांनी २०१२ मध्ये याच आधारावर दाखवले की, विश्लेषक गेला की शेअरची किंमत खाली येते. आणि हाँग व कॅस्पर्झिक यांनी २०१० मध्ये पेढ्यांच्या विलीनीकरणांवरून दाखवले की, स्पर्धक कमी झाला की उरलेल्यांचे अंदाज अधिक आशावादी होतात. पीएच.डी.ची पाच वर्षे बहुतांशी अशी एखादी जागा शोधण्यात जातात, जिथे कारण आणि परिणाम वेगळे करता येतील. विदेवरही, म्हणजे जमवलेल्या आकडेवारीवरही, डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही: ल्युंगक्विस्ट, मलॉय आणि मार्स्टन यांना २००९ मध्ये आढळले की, शिफारशींच्या ज्या प्रसिद्ध संग्रहावर असंख्य निबंध उभे होते, त्यातील जुन्या नोंदी दोन वेगवेगळ्या वेळी उतरवून घेतल्या तर जुळत नव्हत्या.

तुमचा भारतातील अनुभव उपयोगी पडेल का, असेही तुम्ही विचारले आहे. पडेल, पण ‘अमेरिकेत सिद्ध झालेले भारतात खरे आहे का’ इतकाच प्रश्न घेऊन आलात तर नाही. ज्याचे उत्तर फक्त भारतातच मिळू शकते असा प्रश्न हवा. मंचिराजू आणि राजगोपाल यांनी २०१७ मध्ये तसे केले. २०१३ च्या कंपनी कायद्याने ५०० कोटींची निव्वळ मत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा ओलांडणाऱ्या कंपन्यांना सामाजिक कामावर खर्च करण्याचे बंधन घातले. त्या रेषेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या कंपन्यांची तुलना करून सक्तीच्या खर्चामुळे भागधारकांचे काय झाले, हे त्यांनी मोजले. तुमच्या क्षेत्रातही अशा जागा आहेत. सेबीने २०१४ मध्ये संशोधन विश्लेषकांसाठी स्वतंत्र विनियम आणले. २०२१ मधील दुरुस्तीनुसार सूचिबद्ध कंपन्यांना विश्लेषकांबरोबरच्या तिमाही बैठकींचे ध्वनिमुद्रण आणि शब्दांकन जाहीर करावे लागते. प्रवर्तकांच्या घराण्याकडे एकाच वेळी अनेक सूचिबद्ध कंपन्या असतात, तेव्हा एका कंपनीवर कडक लिहिणाऱ्याला दुसऱ्या कंपनीची दारे उघडी राहतात का? ७ जानेवारी २००९ रोजी सत्यमच्या अध्यक्षांनी स्वतः पत्र लिहून ताळेबंद खोटा असल्याची कबुली देईपर्यंत तो आकडा इतक्या जाणकारांच्या नजरेतून कसा सुटला? हे प्रश्न तुम्ही आतून पाहिले आहेत, आणि इथल्या विद्यार्थ्यांना ती दृष्टी पुस्तकातून मिळत नाही.

प्रवेशाविषयी आता थोडक्यात. चांगले विभाग वर्षाला दोन ते चार विद्यार्थी घेतात, शिक्षणशुल्क माफ करतात आणि अध्यापन किंवा संशोधनातील साहाय्याच्या बदल्यात विद्यावेतन देतात; शुल्क भरून लेखाशास्त्राची पीएच.डी. करण्याचा विचारही करू नका. बहुतेक अर्जांची मुदत डिसेंबर-जानेवारीत संपते. तुमच्या बी.कॉम.ला तीन वर्षे लागली असतील, तर काही विद्यापीठांचे पदव्युत्तर कार्यालय चार वर्षांची पदवी मागते. युजीसीने २०२१ मध्ये सीएला पदव्युत्तर पदवीच्या समकक्ष मानले असले, तरी इथे ते आपोआप चालत नाही, म्हणून अर्जाचे पैसे भरण्याआधी प्रत्येक ठिकाणी लेखी विचारून घ्या. सीएच्या अभ्यासक्रमात कलनशास्त्र (कॅल्क्युलस), रेषीय बीजगणित आणि अर्थमिती (इकॉनॉमेट्रिक्स) यांना फारशी जागा नाही, आणि पहिल्या वर्षी अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांबरोबर बसून हेच शिकावे लागते. ते आधी शिकून, त्याचे गुणपत्रक जोडता आले तर अर्जाला बळ येते. आकडेवारीच्या विश्लेषणासाठी लागणारे स्टाटा आणि पायथनही हातात असू द्या.

शिफारसपत्रांपैकी एक तरी, तुम्हाला संशोधन करताना पाहिलेल्या माणसाचे हवे. पेढीतील वरिष्ठांचे पत्र कितीही चांगले असले तरी समितीला हव्या त्या प्रश्नाचे उत्तर देत नाही. हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसमध्ये (आयएसबी) किंवा एखाद्या आयआयएममध्ये वर्षभर संशोधन साहाय्यक म्हणून काम करणे यासाठी मला सर्वांत चांगला मार्ग वाटतो. पगार घटेल, पण हे काम आपल्याला मनापासून आवडते का, हे अमेरिकेचे तिकीट काढण्याआधीच कळेल.

कुटुंबाविषयीचा तुमचा प्रश्न नाजूक आहे, म्हणून सरळ लिहिते. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याच्या पत्नीला किंवा पतीला एफ-२ या जोडीदाराच्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. तुमच्या पत्नीचे स्वतःचे करिअर चालू असताना पाच वर्षे एकाच विद्यावेतनावर आणि तिच्या कामाशिवाय काढायची, हा निर्णय तुमच्या एकट्याचा नाही. पुढे विद्यापीठांना एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची वार्षिक मर्यादा लागू होत नाही, ही जमेची बाजू आहे. पण सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने देशाबाहेरील उमेदवारांच्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लादल्यानंतर, व्हिसाविषयी वर्षापूर्वी ऐकलेल्या कोणत्याही गोष्टीवर विसंबू नये. भारतात जन्मलेल्यांसाठी ग्रीन कार्डची रांग अतिशय लांब आहे.

पदवीनंतर लेखाशास्त्रातील सहायक प्राध्यापकांचे वेतन विद्यापीठातील अनेक विभागांपेक्षा चांगले असते, कारण या विषयात पीएच.डी. करणारे थोडे असतात. त्याच्या मोबदल्यात साधारण सहा वर्षांत, मोजक्याच नियतकालिकांत छापून येऊन, कायमपद मिळवावे लागते. एका निबंधाला सुरुवातीपासून छापून येईपर्यंत चार-पाच वर्षे लागणे नेहमीचेच आहे. दर तिमाहीला अहवाल पूर्ण करण्याची सवय झालेल्या माणसाला ही संथ गती फार सोसावी लागते. भारतात परत जायचे झाले तर आयएसबी आणि आयआयएमची दारे तुमच्यासाठी बंद नसतील, आणि मला तर असे परतणे कमी मोलाचे अजिबात वाटत नाही.

तर यावे का? तुम्हाला पुढे पैसा सांभाळायचा असेल, म्युच्युअल फंडात जायचे असेल, तर मुंबईतच राहा. तिथे तुम्ही पुष्कळ पुढे जाल. पण ‘विका’ असे लिहायचे ठरवलेला अहवाल कसा हळूहळू ‘राखून ठेवा’ होतो, हे पाहून तुम्हाला ते एकदाचे मोजून दाखवावेसे वाटले असेल, तर या. त्याआधी एस. पी. कोठारी यांचा भांडवली बाजारावरील संशोधनाचा २००१ चा आढावा वाचा. पिलानी आणि आयआयएम अहमदाबादहून आयोवाला जाऊन पुढे एमआयटीत प्राध्यापक झालेल्या या माणसाने त्या वेळेपर्यंतचे सगळे काम एकत्र मांडले आहे. मग भारतीय कंपन्यांची आकडेवारी असलेल्या सीएमआयईच्या प्रोवेस संग्रहातून तिमाही निकाल घेऊन बर्नार्ड आणि थॉमस यांची मांडणी भारतीय कंपन्यांवर स्वतः करून पाहा. आकडे कुठे जुळत नाहीत आणि का जुळत नसावेत, हे दोन पानांत लिहून मला पाठवा. अर्जासोबतचे निवेदन आपण त्या दोन पानांवरून तयार करू.