चढावर इंजिन ओरडते, पण ट्रॅक्टर काही सरकत नाही

उन्हाळ्यात नांगरटीची अन् शेणखत टाकायची घाई, त्यामुळं यावेळच्या पत्रांत ट्रॅक्टरचीच गर्दी आणि त्यातही चढ-उताराचं दुखणं जास्त. चार पत्रं घेतलीत. पहिल्याला जागा जास्त दिली कारण ते दुखणं डोंगरपट्ट्यातल्या बहुतेकांच्या ट्रॅक्टरला कधी ना कधी होतंच.

प्रश्न : माह्याकडं ४५ एचपीचा ट्रॅक्टर हाय, ६ वर्षं झाले घेऊन, डबल क्लचवाला. सपाट वावरात रोटाव्हेटर एकदम झकास चालते. पण आमचं अर्धं वावर माळावर हाय, तिकडं शेणखताची ट्रॉली घेऊन चढलो का अर्ध्यात इंजिन नुसतं ओरडते अन् ट्रॅक्टर जागच्या जागी. चाक बी फिरत नाई. दहा-पंधरा मिनिटं उभा ठेवला का पुन्हा चालते. गावचा मिस्त्री म्हणते गिअरबॉक्स खोला. दुसरा म्हणते ऑइल कमी असन, टाका. काय करू? (पुसद तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर : भाऊ, मिस्त्र्याला म्हणा पाना खाली ठेव. गिअरबॉक्सला सध्या हात लावायचं काही कारण दिसत नाही. चढावर ट्रॅक्टर अडला की आधी कान द्यायचा, इंजिनचा आवाज चढला का उतरला. आवाज उतरत उतरत बंद पडला तर डिझेलकडं बघायचं. आवाज चढला आणि एक चाक गरगर फिरतंय तर पकड नाही. आवाज चढला पण दोन्ही चाकं गप्प, हे जे तुम्ही लिहिलंय, हे म्हणजे क्लच, इंजिनची ताकद गिअरबॉक्सकडं नेणारी प्लेट, घसरतोय. त्यात थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा चालतो म्हणता, तिथं तर शंकाच उरत नाही, तापलेली प्लेट थंड झाली की थोडी पकडते. गिअरचा दात तुटला असता तर तो उभं ठेवून जुळून आला नसता, आणि आत कटकट वाजलंही असतं.

आता चढावरच का? साधा हिशेब बघा. ट्रॅक्टर अन् भरलेली ट्रॉली मिळून ६ टन धरा. कच्च्या पण टणक सपाट रस्त्यावर ते ओढायला अंदाजे अडीचशे-तीनशे किलोची ओढ लागते. दहा फुटाला एक फूट असा चढ आला की वरून आणखी ६०० किलो. म्हणजे सपाटावरच्या तिप्पट ओढ त्याच एका प्लेटमधून जायची, मग जी प्लेट सपाटावर कशीबशी निभावून नेत होती ती इथं हात टेकते.

आणि रोटाव्हेटर चांगला चालतो म्हणून क्लच चांगला, असं समजू नका हं. रोटाव्हेटरची पाती फिरता फिरता ट्रॅक्टरला उलट पुढंच ढकलतात, त्यामुळं चालीच्या प्लेटवर ताण जवळपास येतच नाही, आणि डबल क्लचमध्ये पीटीओची, म्हणजे मागच्या अवजाराला फिरकी देणाऱ्या दांड्याची, प्लेट वेगळी असते. तुमची पीटीओची प्लेट ठीक आहे एवढंच त्यावरून कळलं. चालीच्या प्लेटची परीक्षा नांगराला नाहीतर ट्रॉलीलाच होते.

पहिलं काम फुकटाचं आहे. इंजिन बंद करून क्लचचं पेडल हातानं दाबा, पायानं नाही. सुरुवातीला ते मोकळं खाली जायला पाहिजे, मग जड लागायला पाहिजे. हा मोकळा प्ले बहुतेक ट्रॅक्टरमध्ये २० ते ३० मिमी म्हणजे साधारण इंचभर असतो, तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा पुस्तकात बघा (पुस्तक सीटखाली नाहीतर कपाटात असतंच, कोणी उघडत नाही ही गोष्ट वेगळी). प्लेट झिजत जाते तसा हा प्ले कमी कमी होत जातो आणि एक दिवस संपतो, मग पेडलवर पाय नसतानाही रिलीज बेअरिंग फिंगरला (प्लेट सोडवणाऱ्या बोटांना) टेकून राहतं, म्हणजे क्लच सतत थोडा दाबलेलाच. अशा वेळी खालच्या रॉडचा नट फिरवून प्ले दिला की बऱ्याचदा चढ पुन्हा निघतो. बरेच जण इथंच सुटतात.

प्ले बरोबर असूनही घसरत असेल तर एकदा परीक्षा घ्या. सपाट जागा, समोर-मागं कोणी नको, ट्रॉली सोडलेली. हँडब्रेक ओढा, दोन्ही ब्रेक जोडून दाबून धरा, हाय मधला वरचा गिअर टाका, इंजिन १५०० आरपीएमच्या आसपास ठेवून क्लच हळूहळू पूर्ण सोडा. चांगला क्लच असेल तर इंजिन कण्हत बंद पडेल. इंजिन आरामात चालूच राहिलं तर प्लेट घसरतेय, लगेच क्लच दाबा आणि गिअर काढा. एकदाच करायचं, पोरांना दाखवायला पुन्हा पुन्हा केलं तर राहिलेली प्लेटही जळून जाईल. तो जळका करपट वास एकदा आला की नाकातून जात नाही.

आता खाली वाकून बघा. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये जे घर आहे, क्लच हाऊसिंग, त्याच्या तळाला एक भोक असतं, काही गाड्यांत त्यात खिळीसारखी पिन लोंबत असते. तिथून तेल टपकतंय का? काळं पातळ असेल तर इंजिनचं, क्रँकचं मागचं सील गेलं. पिवळसर, मधासारखं असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील. तेल लागलेली प्लेट म्हणजे तेलकट हातानं बाटलीचं झाकण फिरवणं, कितीही दाबा, घसरणारच. म्हणून ते 'ऑइल टाका' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. तुमच्या साध्या गिअरच्या ट्रॅक्टरला चाकापर्यंत ताकद लोखंडातूनच जाते, तेलाच्या दाबानं नाही, त्यामुळं ऑइल कमी पडलं म्हणून चाल जात नाही (लिफ्ट जाईल, ती तेलावर आहे). उलट गिअरबॉक्समध्ये खुणेच्या वर ऑइल भरलं आणि तोंड खाली करून उतारावर काम केलं की सगळं तेल पुढच्या सीलवर येऊन बसतं, सील थोडं जरी झिजलेलं असलं तरी ते सरळ क्लचमध्ये.

भंडारा-गोंदियाकडच्या वाचकांनीही हे वाचावं. धानाच्या चिखलणीत पाणी आत जाऊ नये म्हणून त्या भोकाला प्लग लावतात, ते बरोबरच आहे, पण रोवणी झाली तरी प्लग तसाच राहतो. मग गळणारं तेल बाहेर यायला वाटच नाही, ते आत साचतं आणि फ्लायव्हील तेच उडवत बसतं. प्लग काढल्यावर वाटीभर काळं तेल पडलं की समजायचं.

प्लेटच गेली असेल तर मात्र ट्रॅक्टर मधून खोलावा लागतो, त्याला पर्याय नाही. मजुरी खोलाखोलीचीच असते, म्हणून एकदा खोलला की नुसती प्लेट बदलून बंद करू देऊ नका. प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलमधलं छोटं बेअरिंग, दोन्ही बाजूची सीलं सगळं स्वतः उभं राहून बघा. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा केसासारख्या चिरा असतील तर लेथवर दाखवा. जुनी प्लेट हातात घ्या, कडेला काळी आणि कोरडी झाली असेल तर ती झिजून-तापून गेली, ओली चकचकीत असेल तर सीलनं खाल्ली, आणि सील न बदलता नवीन प्लेट टाकली तर पुढच्या हंगामात हेच पत्र मला पुन्हा येईल.

तोपर्यंत काम अडत असेल तर ट्रॉली अर्धी भरा आणि चढाच्या पायथ्यालाच लो मधला खालचा गिअर टाकून चढा. चढावर मध्येच गिअर बदलायला जाऊ नका. अर्ध्या क्लचवर ट्रॅक्टर तोलून उभा ठेवायची आपल्या ड्रायव्हर लोकांची जी सवय आहे, ब्रेक असताना, ती प्लेटची सगळ्यात मोठी वैरी. पेडलवर पाय ठेवून आरामात वखर मारणारे पण त्यातलेच.

प्रश्न : संत्र्याच्या बागेसाठी छोटा ट्रॅक्टर घेतला. नाल्याकडच्या चढावर फवारणीचा टँक घेऊन चढताना इंजिन गुडगुड करून बंद पडतं, सपाटावर आणलं की चालू. (वरुड, जि. अमरावती)

उत्तर : तुमचा आवाज उतरतोय, म्हणजे क्लच नाही, डिझेल. टाकीत किती असतं तेव्हा? तोंड वर झालं की टाकीतलं डिझेल मागं सरकतं, आणि नळीचं तोंड पुढच्या बाजूला असेल आणि डिझेल कमी असेल तर ते उघडं पडून हवा ओढतं. छोट्या टाकीत हे लवकर होतं. अर्धी टाकी भरून तोच चढ चढून बघा. तरी बंद पडला तर फिल्टर बदला, पाण्याचा कप रिकामा करा, फीड पंपाची जाळी साफ करा, मग डिझेलच्या नळीतली एअर काढा. आणि एक बारीक गोष्ट, बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण उघडा. फुस्स करून हवा आत गेली आणि इंजिन लगेच चालू झालं तर झाकणाचं हवेचं भोक फवाऱ्याच्या पावडरीनं नाहीतर धुळीनं बुजलंय. सुई घाला, झालं.

प्रश्न : सोयाबीनची पोती भरून उतारानं येताना गिअर आपोआप न्यूट्रलमध्ये येतो. हातानं दांडा धरून बसावं लागतं. (मोताळा, जि. बुलडाणा)

उत्तर : दादा, हे आधी थांबवा, मग बाकीचं. बिनब्रेकची भरलेली ट्रॉली मागून ढकलते आणि त्यात गिअर सुटला तर ट्रॅक्टर कुठं जाईल सांगता येत नाही. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, उतारावर क्लच दाबू नका, आणि दोन्ही ब्रेकची कडी लावलेली पाहिजे, एकच ब्रेक लागला तर ट्रॉली आडवी येते.

कारण बहुतेक वेळा गिअरबॉक्सच्या वरच असतं. दांडा सीटला, टूलबॉक्सला किंवा जाड रबरी मॅटला अडून पूर्ण आत जात नाही का ते आधी बघा. तसं नसेल तर वरचं झाकण काढून गिअर रॉडची गोळी आणि स्प्रिंग (गिअर जागेवर धरून ठेवणारी) बघायला सांगा, स्प्रिंग बसली की गिअर सुटतो. त्याला ट्रॅक्टर मधून खोलावा लागत नाही, कोणी तसं म्हणालं तर दुसऱ्याला दाखवा. गोळी-स्प्रिंग बदलूनही सुटत असेल तर मग दात किंवा फोर्क (आतला गिअर सरकवणारा काटा) झिजलाय. दांडा हातानं धरून बसू नका, फोर्क अजून घासतो.

प्रश्न : आडव्या उतारावर नांगरताना वरच्या बाजूचं चाक नुसतं फिरतं, ट्रॅक्टर पुढं जात नाही. बिघाड आहे का? (चिखलदरा तालुका)

उत्तर : बिघाड नाही. ट्रॅक्टर कलला की वजन खालच्या चाकावर जातं, वरचं हलकं होतं आणि डिफरन्शियल, दोन्ही मागच्या चाकांना फिरकी वाटून देणारा गिअर, सगळी फिरकी त्या हलक्या चाकालाच देतो. त्यासाठीच दोन्ही चाकं एकत्र बांधणारा डिफरन्शियल लॉक आहे. चाक गरगर फिरत असताना लॉक दाबू नका, क्लच दाबून चाक थांबवा, लॉक दाबा, मग हळू क्लच सोडा. सरळ चालतानाच वापरायचा, धुऱ्याशी वळायच्या आधी पाय काढायचा. पाय काढूनही सुटला नाही तर ब्रेकची कडी काढून एका बाजूचा ब्रेक हलकासा दाबा, सुटतो. मागच्या टायरमध्ये हवा ठासून भरलेली असेल तर तीही पुस्तकातल्या आकड्यावर आणा, वावरातल्या कामाला साधारण १२ ते १४ पौंड असते, रस्त्यावरची हवा घेऊन मुरमात नांगर ओढला तर टायर वरच्यावर घासतो.