जुळ्यांचे पुढे आलेले दात: मुलीला प्लेट आत्ता, मुलाला वर्षाने, असं का?

तुमच्या साडेअकरा वर्षांच्या जुळ्यांपैकी मुलीला लगेच ट्विन ब्लॉक (वर-खाली दोन भागांत बसणारी, काढता-घालता येणारी प्लेट) आणि मुलाला वर्षभराने या, असं फोंड्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, ते बरोबर वाटतं. दोघांचाही खालचा जबडा मागे आहे, आणि तो पुढे आणणारी प्लेट जबडा झपाट्याने वाढत असतानाच चांगलं काम करते. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षी सर्वांत वेगाने वाढते, मुलांची चौदाव्याच्या आसपास. पण वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे सहज होतात, म्हणून नुसत्या जन्मतारखेवर जाऊ नका.

बाजूने काढलेल्या सेफॅलोग्राममध्ये, म्हणजे डोक्याच्या एक्स-रेमध्ये, मानेचे मणकेही दिसतात. दुसऱ्या-तिसऱ्या मणक्याची खालची कड आत वळलेली आणि चौथ्याची अजून सपाट, म्हणजे प्लेटचा मोसम आला. घरी दर तीन महिन्यांनी दोघांची उंची लिहून ठेवा. वर्षाला पाच-सहा सेंटीमीटरचा वेग आठ-नऊकडे चढू लागला की डॉक्टरांना दाखवा. मुलीला पाळी सुरू झाली असेल तर न लाजता सांगा. पाळी सहसा वाढीचा सर्वोच्च वेग ओसरू लागल्यावर येते, तेव्हा आणखी थांबण्यात फायदा नाही.

ट्विन ब्लॉक नऊ ते बारा महिने, जेवतानाही घालायचा. काढायचा तो दात घासताना आणि खेळताना. फसतो तो इथेच: रात्रीपुरताच घातला जातो, किंवा शाळेत डब्याजवळ रुमालात गुंडाळून हरवतो. पहिले तीन-चार दिवस जबडा दुखतो, नीट चावता येत नाही, तेव्हा ऐन चतुर्थीच्या तोंडावर बसवू नका, नेवऱ्या बघतच राहाव्या लागतील! पुढे दातांना तारा लागतातच, साधारण वर्ष-दीड वर्ष. आणि जबडा खूप वाढेल अशी आशा नको. बराचसा फरक दात कलल्यानेच पडतो.

मुलगा फुटबॉल खेळतो म्हणता, तर मापाचा माउथगार्ड आजच करून घ्या. वरचे दात खालच्यांपेक्षा सहा मिलिमीटरहून जास्त पुढे असले की पडल्यावर तेच आधी तुटतात. बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयातही ऑर्थोडोंटिक्स (दात-जबडा सरळ करण्याचा) विभाग आहे, दुसरं मत हवं असेल तर तिथे जा.

खालचा जबडाच पुढे असता तर मात्र हिशेब उलटा. वरचा जबडा पुढे ओढणारा, चेहऱ्यावर बाहेरून लावायचा फेसमास्क सात ते दहा वर्षांत लावतात, मुलगा असो वा मुलगी. जबड्याच्या शस्त्रक्रियेची गरज पडलीच, तर तो निर्णय मग वाढ थांबल्यावरच, आणि मुलग्यांचा खालचा जबडा अठरानंतरही थोडा वाढत राहतो.