२१ चं फॅक्टोरियल उणे का आलं

प्रिय,

फॅक्टोरियल (१ पासून त्या संख्येपर्यंतच्या पूर्णांकांचा गुणाकार) काढणारा तुझा कोड पाहिला. २० पर्यंत सगळं बरोबर आणि २१ ला एकदम उणे उत्तर, म्हणून नमपायमध्येच (पायथॉनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीत) बग असेल असं तू लिहिलंस. बग नाही. इंट६४ मध्ये, म्हणजे ६४ बिटांत ठेवलेल्या पूर्णांकात, मावणारी सर्वांत मोठी संख्या ९२२३३७२०३६८५४७७५८०७. २० चं फॅक्टोरियल, २४३२९०२००८१७६६४००००, त्यात बसतं. २१ ने गुणलं की वरचे बिट गळून पडतात आणि हाती −४२४९२९००४९४१९२१४८४८ उरतं. एकट्या संख्येवर असं झालं तर निदान वॉर्निंग मिळते, अनेक संख्या एकत्र ठेवणाऱ्या अ‍ॅरेवर तीही नाही. पायथॉनचा स्वतःचा इंट मेमरी पुरेल तोवर वाढत जातो, म्हणून नमपायशिवायचा तुझा साधा लूप बरोबर चालला.

उणे चिन्हामुळे चूक डोळ्यात भरली, हे बरं झालं. आणखी दोन पायऱ्या पुढे जा: २३ ला ८१२८२९१६१७८९४८२५९८४ येतं. दिसायला व्यवस्थित, पण साफ चुकीचं. अशा उत्तरावर कोणी शंकाही घेत नाही.

त्याहून मला फ्लोटची, म्हणजे दशांश संख्यांच्या प्रकाराची, धास्ती वाटते. फ्लोट६४ मध्ये २ च्या ५३ व्या घातापर्यंतच, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतच, प्रत्येक पूर्णांक नेमका राहतो. शेवटी ९९३ असलेला पुढचा आकडा ठेवून बघ, ९९२ च परत मिळेल. आणि आपण फ्लोट मागितलेलाही नसतो. इंट६४ आणि यूइंट६४ (उणे संख्या नसलेला पूर्णांक) चे अ‍ॅरे एकमेकांत मिळवले की फ्लोट. पांडाज या तक्त्यांच्या लायब्ररीत फाइल वाचताना पूर्णांकांच्या कॉलममध्ये एक जागा रिकामी असली तरी फ्लोट. माझ्या एका कामात १८ अंकी आयडींच्या कॉलममध्ये असंच झालं. लागोपाठचे आयडी एकच होऊन बसले, वेगवेगळ्या नोंदी एकमेकींत मिसळल्या, आणि मला ते फार उशिरा कळलं. तेव्हापासून आयडी मी स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, म्हणूनच वाचतो. ज्याची बेरीज कधी करायची नाही, त्याला संख्या कशाला करायचं?

तुझ्यासाठी डीटाइप (साठवणीचा प्रकार) ऑब्जेक्ट ठेवणं, म्हणजे आत पायथॉनचेच इंट ठेवणं, हा एक मार्ग. उत्तर अचूक येईल, पण वेग जाईल आणि स्क्वेअर रूटसारखी फंक्शनं अडतील. मात्र तुला शेवटी फॅक्टोरियलला एका भाजकाने भागल्यावरची बाकीच हवी आहे ना? मग प्रत्येक गुणाकारानंतर लगेच मॉड (भागाकाराची बाकी) घे. भाजक ३०३७०००५०० च्या आत असला तर दोन बाक्यांचा गुणाकार इंट६४ मध्ये नक्की मावतो. तुझा भाजक किती आहे ते आधी बघ आणि मला कळव, मग पुढचं ठरवू.